'निवारा' आणि 'बिऱ्हाड' : नगरसंस्थेच्या बेघर-सेवेची एक समीक्षा

१

मराठी वाङ्मयात बेघर माणूस अपरिचित नाही. जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) या कादंबरीने महानगराच्या झोपडवस्तीतील जीवन मराठी वाचकापुढे ठेवले. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी ज्यांना गावाच्या शिवेत हक्काची जागाच नव्हती अशांचे अनुभव त्यांच्याच भाषेत नोंदविले. परंतु अशा माणसाविषयी नगरपालिकेचे कर्तव्य कोणते, त्यासाठी तिने आपल्या कोशातून किती व कोणत्या रीतीने खर्च करावा, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारच थोडा झालेला आहे. बेघर माणूस हा करुणेचा विषय म्हणून आपल्या लेखनात आला, विद्रोहाचा विषय म्हणूनही आला. नगराच्या जमाखर्चाचा विषय म्हणून मात्र तो क्वचितच आला.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात नगरसंस्थेने बेघरांसाठी करावयाच्या सेवेची कल्पना तपासावयाची, ती ज्या शब्दांनी व ज्या कायद्यांनी घडली त्यांचे परीक्षण करावयाचे, आणि या प्रदेशातच उभ्या राहिलेल्या दोन सुप्रसिद्ध प्रयोगांच्या प्रकाशात तिचे गुणदोष पाहावयाचे, एवढेच येथे योजिले आहे. हे दोन प्रयोग म्हणजे वरोऱ्याचे आनंदवन आणि गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेचे घरोघरचे आरोग्यकार्य. यांपैकी एकही प्रयोग नगरपालिकेचा नाही, हे खरे. परंतु नगरपालिकेच्या कर्तव्याचा विचार करताना हेच दोन प्रयोग विशेष उपयोगी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. 'बेघर' हा आज शासकीय मराठीत रूढ झालेला शब्द अभावदर्शक आहे. ज्याच्यापाशी घर नाही तो बेघर. पण मराठीच्या संचितात घराच्या अभावाला एवढी एकच छटा नाही. 'अनिकेत' हा शब्द गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत येतो. महानुभाव पंथात अटन, विजन आणि भिक्षा यांना आचारधर्माचे स्थान आहे, आणि ऋद्धिपुरामुळे हा पंथ तर विदर्भाच्या मातीशी जडलेला आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी इतरांसाठी धर्मशाळा बांधविल्या आणि स्वतः अखेरपर्यंत फिरस्त्याचे जीवन पत्करले. म्हणजे आपल्या परंपरेत घर सोडणाऱ्याला मान आहे. ज्याचे घर सुटले, किंवा ज्याला घरातून काढले, त्याच्यासाठी मात्र आपल्याजवळ आदराचा शब्द नाही. त्याला पोलीस 'फिरस्ता इसम' म्हणतात, कायदा 'भिकारी' म्हणतो, आणि मरणोत्तर तो 'बेवारस' ठरतो.

याउलट 'बिऱ्हाड' हा शब्द पाहावा. बिऱ्हाड हलते, मोडते, पुन्हा मांडता येते. विंचवाचे तर पाठीवरच असते, असे आपण म्हणतो. भिंती व छप्पर नसले तरी बिऱ्हाड असू शकते. त्याला चूल, चारदोन भांडी, आणि आपली म्हणावी अशी माणसे लागतात. पालात राहणाऱ्या भटक्या कुटुंबाला घर नसते, पण बिऱ्हाड असते. रेल्वे फलाटावर एकटा पडलेला वृद्ध मात्र बिऱ्हाडालाही मुकलेला असतो. या दोघांना 'बेघर' या एकाच शब्दाखाली आणणे जनगणनेला सोयीचे असले, तरी सेवेच्या दृष्टीने तो दोष आहे. कारण पहिल्याला जागेची शाश्वती हवी असते, आणि दुसऱ्याला जागेइतकीच माणसांची गरज असते.

जनगणनेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच नमूद करावीशी वाटते. जनगणनेला जुन्या मराठीत 'खानेसुमारी' असे म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी, असा या फारसी शब्दाचा अर्थ आहे. ज्याला घर नाही तो या मोजणीत व्युत्पत्तीनेच बसत नव्हता. २०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्री करण्यात आली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलांखाली व जिन्यांखाली, देवळांच्या मंडपांत आणि रेल्वे फलाटांवर राहणारे लोक तीत मोजले गेले. भारतात ही संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. महाराष्ट्रात ती दोन लाखांहून अधिक होती. २००१ च्या मानाने देशातील एकूण संख्या घटली होती, पण नगरांतील संख्या सुमारे ७ लाख ८० हजारांवरून ९ लाख ४० हजारांच्या आसपास गेली होती. हे आकडे महत्त्वाचे आहेत. तथापि एका रात्रीच्या गणनेत काय सापडते आणि काय निसटते, याचा विचार त्यांच्याबरोबरच केला पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीतून मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणारे मजूर फेब्रुवारीच्या अखेरीस कोठे असतात? तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. तेव्हा जी माणसे रानात उघड्यावर मुक्काम करतात, ती त्या रात्री कोठे होती? बेघरपण ही या प्रदेशात पुष्कळदा ऋतूवर अवलंबून असणारी अवस्था आहे. तिचे माप एका रात्रीच्या पट्टीने घेणे अपुरे ठरते.

३

आता कायद्याकडे वळू. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने, जो उघडपणे भीक मागतो किंवा ज्याला निर्वाहाचे दृश्य साधन नाही अशा महारोग्यास पकडून आश्रमात कोंडण्याचा अधिकार दिला होता. हा कायदा २०१६ पर्यंत आपल्या विधिसंग्रहात राहिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भिकेची व्याख्या इतकी विस्तृत केली की, दृश्य उपजीविकेवाचून सार्वजनिक जागी अशा रीतीने वावरणे की ज्यावरून हा माणूस भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, हेही 'भीक मागणे' ठरले. प्रथम सापडणाऱ्यास एक ते तीन वर्षे, आणि पुन्हा सापडणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धतेची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याची मुख्य दंडात्मक कलमे घटनाविरोधी ठरविली. परंतु तो निर्णय दिल्लीपुरता होता.

या दोन कायद्यांची तुलना केली असता एक साम्य दिसून येते. दोहोंतही माणसाने काय केले यापेक्षा तो कसा दिसतो याला महत्त्व आहे. 'दृश्य' साधन नसणे हा अपराध आहे. नगराच्या डोळ्यांना जे खुपते ते नगराबाहेर नेणे हा येथे कायद्याचा हेतू आहे. अशा कायद्याच्या छायेत काम करणारा नगरसंस्थेचा सेवक रात्री फलाटावरील माणसाजवळ जाऊन 'चला' असे म्हणतो, तेव्हा ते बोलावणे आहे की पकड आहे, हे त्या माणसास कसे कळावे? बेघर लोक निवाऱ्यात येत नाहीत, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे एक उत्तर या कायद्याच्या इतिहासात आहे.

नगरपालिकेच्या स्वतःच्या कायद्यात हा विषय कोठे बसतो, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका अधिनियमात कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत : आवश्यक आणि ऐच्छिक. दिवाबत्ती, झाडलोट, पाणीपुरवठा, स्मशानभूमी ही आवश्यक वर्गात येतात. धर्मशाळा, विश्रामगृहे, अपंग व निराधार यांच्यासाठी गृहे ही ऐच्छिक वर्गात. नगराच्या हद्दीत सापडलेल्या बेवारस प्रेताची विल्हेवाट लावणे हे नगरसंस्थेचे काम आहे, याविषयी कधी कोणी वाद घातला नाही. तोच माणूस आदल्या दिवशी जिवंत असताना त्याच्यासाठी काही करावे की न करावे, हे मात्र ऐच्छिक मानले गेले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आणि नागरी दारिद्र्याचे निवारण हे विषय नगरसंस्थांकडे सोपविण्यासारखे म्हणून नोंदले गेले. येथे प्रथमच या माणसाला नगराच्या कारभारात स्वच्छतेचा वा पोलिसांचा विषय म्हणून नव्हे, तर नगरवासी म्हणून जागा मिळण्याचा मार्ग खुला झाला.

४

या पार्श्वभूमीवर वरोऱ्याची कथा पुन्हा वाचली पाहिजे. मुरलीधर देवीदास आमटे हे वरोऱ्यास वकिली करीत. ते तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांच्या प्रश्नात त्यांनी स्वतः मैला वाहण्याचे काम काही महिने केले. याच काळात पावसात भिजत पडलेला, अंग झडलेला एक महारोगी त्यांना दिसला; ते प्रथम भयाने दूर झाले, आणि त्या भयाचा त्यांनी पुढे जन्मभर पाठलाग केला. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या पडीक, दगडाळ जमिनीवर सहा रुग्ण व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. त्या वेळी चांदा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता. ही हकीकत महाराष्ट्रात शालेय विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. साधनाताई आमटे यांच्या 'समिधा' या आत्मकथनामुळे तिची घरगुती बाजूही वाचकांना परिचित झालेली आहे.

या कथेच्या रूढ निवेदनात दोन पात्रे असतात : एक संत आणि एक बहिष्कृत. तिसरे पात्र आरंभी येते आणि लगेच नाहीसे होते. ते पात्र म्हणजे वरोऱ्याची नगरपालिका. ज्या गटाराच्या कडेला तो माणूस पडला होता ते गटार नगरपालिकेचे होते. ज्याने त्याला पाहिले तो नगरपालिकेचा पदाधिकारी होता. गटार साफ करण्यासाठी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात शीर्ष होते. त्या माणसासाठी नव्हते. आपण ही कथा एका व्यक्तीच्या हृदयपरिवर्तनाची म्हणून वाचतो, आणि तशी ती आहेच. परंतु ती एका संस्थेच्या जमाखर्चातील रिकाम्या ओळीचीही कथा आहे, हे वाचन आपण आजवर केले नाही. त्यागाच्या तेजाने आपले डोळे इतके दिपले की, ज्या अभावामुळे त्या त्यागाची गरज पडली तो अभाव आपल्या दृष्टीआड झाला. संत लाभले म्हणून नगर कर्तव्यातून मुक्त झाले, असा तर्क आपण उघडपणे कधी मांडीत नाही. पण वागतो मात्र त्याच तर्काने.

यात आनंदवनाचा उणेपणा सांगण्याचा मुळीच हेतू नाही. उलट नगरसंस्थेने शिकावे असे आनंदवनात पुष्कळ आहे. पहिली गोष्ट अशी की, आनंदवनाने रोग्याला छप्पर देऊन काम संपले असे मानले नाही. विहीर खणणे, जमीन फोडणे, भाजी व धान्य पिकविणे, पुढे विणकाम, छपाई, सुतारकाम अशा उद्योगांनी तेथील माणूस उत्पादक झाला. वरील परिभाषेत सांगावयाचे तर, आनंदवनाने निवारा दिला नाही, बिऱ्हाड मांडून दिले. तेथे विवाह झाले, शाळा निघाल्या, माणसे म्हातारी झाली आणि आपल्या लोकांत मेली.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आनंदवनात पिकलेली भाजी व दूध घेण्यास आरंभी वरोऱ्याचे लोक तयार नव्हते. १९५४ च्या सुमारास 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रोग्यांच्या बरोबरीने त्यांनी इमारती उभारल्या व तेथलेच अन्न खाल्ले. तेव्हा कोठे गावाचा संकोच ओसरला. पुढे १९६० नंतरच्या दशकात आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालये निघाली, आणि ज्या गावाने रोग्यांना बाहेर काढले त्याच पंचक्रोशीतील मुले शिकण्यासाठी तेथे येऊ लागली. नगराने टाकलेल्या वसाहतीकडे नगरच चालत आले. म्हणजे पुनर्वसनाचे काम दोन टोकांनी चालते. बेघर माणसाला नगरात परत आणावे लागते, आणि नगरालाही त्याच्याजवळ आणावे लागते. यांपैकी दुसरे काम कोणत्याही शासकीय योजनेच्या खर्चपत्रकात सहसा आढळत नाही.

तथापि आनंदवनाची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. ते नगराबाहेर आहे. ज्याला तेथपर्यंत पोहोचता आले, किंवा कोणी पोहोचविले, त्यालाच त्याचा लाभ झाला. ज्याचे काम नगरातच आहे, जो दिवसा बाजारात हमाली करतो आणि रात्री दुकानाच्या ओट्यावर निजतो, त्याच्यासाठी वसाहत हा उपाय नव्हे. त्याचा प्रश्न नगरानेच सोडविला पाहिजे.

५

बेघरांसाठी नगरसंस्थांनी निवारे चालवावेत या आजच्या योजनेचा उगम दिल्लीच्या हिवाळ्यात आहे. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत पुसा रस्त्यावरील एक तात्पुरता निवारा महापालिकेने पाडला. थंडीने माणसे दगावली. अन्नाच्या हक्काविषयी चालू असलेल्या खटल्यात हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आणि २०१० मध्ये न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा असावा असे आदेश दिले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा विभाग याच प्रमाणावर रचला गेला. दर माणशी सुमारे पन्नास चौरस फूट जागा, पाणी व संडास यांची सोय, वृद्ध, अपंग व एकट्या स्त्रिया यांची विशेष व्यवस्था, आणि शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, बँकखाते, शिक्षण इत्यादी हक्कांशी जोडणी, अशा त्यातील अपेक्षा होत्या. खर्च केंद्र व राज्य यांनी वाटून घ्यावयाचा आणि अंमलबजावणी नगरसंस्थेने करावयाची, अशी रचना होती. २०१६ साली या कामाच्या मंदगतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने असमाधान व्यक्त करून एक चौकशी समिती नेमली. २०२४ च्या सप्टेंबरअखेर त्या अभियानाची मुदत संपली. योजनेची मुदत संपते. कर्तव्याची संपते काय, हा प्रश्न त्यामुळे आज नगरसंस्थांपुढे उभा आहे.

कागदावर ही योजना उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. निवारा म्हणजे केवळ निजण्याची जागा नसून अन्य हक्कांकडे जाणारे दार आहे, ही तिची कल्पना आपल्या प्रशासनाच्या इतिहासात नवी होती. परंतु ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीवर ठेवून पाहिली असता तिच्यातील तीन उणिवा स्पष्ट होतात.

पहिली उणीव प्रमाणाची. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार होती. त्याच वर्षी तेथे महानगरपालिका झाली. प्रमाणाप्रमाणे तेथे तीन निवारे हवेत. गडचिरोलीची वस्ती सुमारे ५४ हजार. जिल्ह्याचे ठाणे म्हणून ते योजनेत आले. बल्लारपूरची वस्ती मात्र ९० हजारांच्या आत, आणि ते जिल्ह्याचे ठाणे नाही. त्यामुळे आरंभीच्या रचनेत ते बसत नव्हते. २०१६ मध्ये सर्व नगरांना योजना लागू झाली, तेव्हा हा अडसर निघाला. पण मूळ कल्पनेतील दोष त्यावरून दिसतो. बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नई या महामार्गावरील मोठे रेल्वे स्थानक. तेथे कागदाचा कारखाना, आसपास कोळशाच्या खाणी. दक्षिणेतून व उत्तरेतून येणाऱ्या गाड्या तेथे थांबतात, आणि ज्याला कोठे उतरावयाचे हे ठाऊक नाही असा माणूस अशाच स्थानकावर उतरतो. बेघरांची संख्या नगराच्या लोकसंख्येवर अवलंबून नसते. ती रस्ता, रेल्वे, रुग्णालय, देवस्थान आणि रोजंदारीचा बाजार यांवर अवलंबून असते. वाटेवरचे लहान गाव आडबाजूच्या मोठ्या शहराहून अधिक बेघर माणसे बाळगते. 'दर लाखी एक' हे प्रमाण मोजण्यास सोपे आहे, म्हणूनच ते स्वीकारले गेले असावे. गरजेशी त्याचा संबंध अप्रत्यक्ष आहे.

दुसरी उणीव ऋतूची. दिल्लीत जन्मलेल्या कल्पनेने थंडीला शत्रू मानले, आणि म्हणून तिने रात्रीचा विचार प्रथम केला. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपलीकडे जातो. देशातील अत्यंत तप्त नगरांत त्याची गणना होते. तेथे उघड्यावरच्या माणसाला मारणारी वेळ दुपारची आहे. निवारा चोवीस तास उघडा असावा असे योजना सांगते. पण दिवसा निवारा उघडा ठेवण्याचा अर्थ पाणी, पंखे, सावली आणि दुपारी बाहेर फिरून माणसे आणणारा सेवक, असा होतो, आणि तो खर्च रात्रीच्या चौकीदाराहून वेगळा आहे. पुढे पावसाळ्यात इरई नदीचे पाणी चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरते. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग तुटतो. त्या दिवसांत घरे असलेलेही बेघर होतात. या प्रदेशातील नगरसंस्थेच्या निवाऱ्याला तीन ऋतूंची तीन कामे आहेत. एकाच नमुन्याचे अंदाजपत्रक त्यांना पुरे पडणार नाही.

तिसरी उणीव इमारतीच्या मोहाची. निवाऱ्याची इमारत दिसते, तिचे उद्घाटन होते, तिची नोंद मालमत्तेच्या रजिस्टरात होते. रात्री फलाटावर जाऊन एका भयभीत माणसाशी तीन आठवडे बोलत राहणाऱ्या सेवकाच्या कामाची नोंद कशात करावयाची? म्हणून पैसा भिंतींकडे वळतो. मग भिंती रिकाम्या राहिल्या की 'लोकच येत नाहीत' असा शेरा पडतो. वस्तुतः लोकांना आणण्याचे काम हे सेवेचे हृदय आहे, आणि त्याच्याविषयीचाच विचार सर्वांत तोकडा आहे.

६

या शेवटच्या मुद्द्यासाठी गडचिरोलीचा अनुभव उपयोगी पडेल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. गावातीलच स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांच्या हाती नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे काम त्यांनी सोपविले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार, प्रयोगक्षेत्रातील ३९ गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पुढे हीच पद्धती राष्ट्रीय पातळीवर आशा कार्यकर्त्यांमार्फत स्वीकारली गेली.

या यशाचे मर्म काय? रुग्णालयाने रुग्णाची वाट पाहावयाची, या क्रमाऐवजी सेवेने माणसाच्या दाराशी जावयाचे, हा क्रम तेथे स्वीकारला गेला. जाणारी व्यक्ती ओळखीची होती, त्याच वस्तीतली होती, आणि ती पुनःपुन्हा जात होती. बेघरांच्या सेवेत नेमके हेच तीन गुण हवेत. परंतु येथे एक मूलभूत अडचण उपस्थित होते. 'घरोघरी' जाणाऱ्या सेवेला घर लागते. घरक्रमांक नाही, दार नाही, उद्या तोच माणूस त्याच जागी असेल याची खात्री नाही. तेथे सेविकेने कोठे जावयाचे? आपल्या प्रत्येक कागदावर नाव, वय, धंदा यांच्यापुढे 'राहणार' असा शब्द येतो. त्या शब्दापुढील जागा ज्याला भरता येत नाही, त्याची शिधापत्रिका, मतदान, निवृत्तिवेतन, रुग्णालयातील नोंद ही सगळीच अडून राहतात. घराचा अभाव हा म्हणूनच एक अभाव नसून अनेक अभावांची किल्ली आहे.

तेव्हा नगरसंस्थेने सेवकाचे क्षेत्र घरांच्या यादीने न आखता जागांच्या यादीने आखले पाहिजे : अमुक फलाट, अमुक बसस्थानक, सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा, महाकालीच्या देवळाचा परिसर, धान्यबाजाराचे ओटे. त्या जागी तीच व्यक्ती ठरलेल्या वेळी वर्षभर जाईल, अशी व्यवस्था हवी. निवाऱ्याचा पत्ता हा तेथे येणाऱ्याचा 'राहणार' म्हणून मान्य व्हावा. मनोरुग्ण अवस्थेत भटकणाऱ्यांच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर त्यांच्या संरक्षणाची व वैद्यकीय तपासणीची जबाबदारी टाकली आहे. नगरसेवक, पोलीस आणि रुग्णालय यांच्यात दुवा साधणारा माणूस नसेल, तर ती जबाबदारी कागदावरच राहील. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना दूरदूरच्या प्रांतांतील कुटुंबांत परत पोहोचविले आहे. त्या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निवारा हा मुक्काम असू शकतो, तसाच तो परतीच्या वाटेवरील थांबाही असू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते.

७

या विवेचनावर दोन आक्षेप येण्याचा संभव आहे. पहिला असा की, सोयी केल्याने बेघरांची गर्दी वाढेल. या आक्षेपात असे गृहीत आहे की माणूस निवाऱ्याच्या ओढीने घर सोडतो. आनंदवनात येणाऱ्या रोग्याने घर सोडले नव्हते. त्याला घराने सोडले होते. रोजगाराच्या शोधात निघालेला मजूर कामाच्या ओढीने येतो. १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तो याच वस्तुस्थितीच्या आधारावर. पदपथावर माणूस राहतो, कारण त्याचे काम जवळ असते. त्याच निर्णयाने पावसाळ्यानंतर त्यांना हलविण्यास मुभा दिली, ही त्याची मर्यादाही विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नगरसंस्थांपाशी पैसा नाही; झाडलोट व पाणी यांनाच तो पुरत नाही; मग सेवाभावी संस्थांनी हे काम करावे हेच बरे नव्हे काय? सेवाभावी संस्थांचे साहाय्य घेण्यास हरकत नाही. निवारा चालविण्यास त्या पुष्कळदा अधिक योग्य असतात. परंतु चालविणे आणि उत्तरदायी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था थकते, तिचा संस्थापक वारतो, देणगी आटते. नगर मात्र राहते. ज्याला मत आहे, किंवा असावयास हवे, त्याने दाद मागावी अशी जागा नगरपालिकेखेरीज दुसरी नाही. दात्याकडे मागता येते. हिशेब मात्र केवळ आपल्याच नगराला विचारता येतो.

म्हणून नगरसंस्थेच्या बेघर-सेवेची परीक्षा निवाऱ्यांच्या संख्येने करू नये, असे सुचवावेसे वाटते. तिच्या अंदाजपत्रकात या माणसासाठी स्वतंत्र व कायम शीर्ष आहे काय? इमारतीवरील खर्चाच्या मानाने माणसांवरील, म्हणजे फिरत्या सेवकांवरील, खर्च किती? मेच्या दुपारी निवाऱ्याचे दार उघडे असते काय? आणि वर्षाअखेर किती जणांच्या नावापुढे 'राहणार' हा शब्द भरला गेला? या चार प्रश्नांची उत्तरे कोणत्याही नगरपालिकेच्या दप्तरातून काढता येण्याजोगी आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, बल्लारपूर व वरोरा या चार नगरांच्या बाबतीत हे काम आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही, दप्तरे वाचण्याच्या चिकाटीची आहे.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत एकेकाळी जी ओळ रिकामी होती, ती एका माणसाने आपल्या आयुष्याने भरून काढली. तशी माणसे शतकातून एखादीच निपजतात. दुसऱ्या तशा माणसाची वाट पाहत बसण्याचा अधिकार कोणत्याही नगराला नाही; ती ओळ दरवर्षीच्या अंदाजपत्रकात साध्या अक्षरांत लिहिणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे.